गिझरचा सॉकेट पुन्हा पुन्हा का जळतो? व्होल्टेज आणि करंटवरून रोध व शक्ती काढून दोष कसा शोधावा

बाथरूमच्या बाहेरचा १६ अँपिअरचा सॉकेट काळवंडतो, वायरमन येऊन नवा सॉकेट बसवून जातो आणि पुढच्या हिवाळ्यात तोच सॉकेट पुन्हा काळवंडतो, ही तक्रार अनेक घरांत ऐकू येते. सांगलीला माझ्या आत्याकडे दोन हिवाळ्यांत तीन सॉकेट गेले. तिसऱ्या वेळी तिने मला फोन करून सांगितले, की पहाटे गिझर लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर मासळी करपल्यासारखा वास येतो, पण एमसीबी (बॉक्समधला, करंट जास्त झाल्यावर आपोआप पडणारा स्विच) पडत नाही आणि पाणीही नीट तापते. हा वास मी ओळखतो. सॉकेटचे कडक प्लास्टिक मर्यादेबाहेर तापले की असा वास सुटतो, आणि तो आला म्हणजे दोष संशयापुरता राहिलेला नसून तो आकड्यांत मोजता येण्याइतका मोठा झालेला असतो.

अशा वेळी बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात: सॉकेट हलक्या प्रतीचा होता. कधी तसे असतेही. परंतु तीनदा बदलूनही तीच जागा जळत असेल, तर न मोजता चौथा सॉकेट बसवणे म्हणजे पैसे आणि सुरक्षितता दोन्ही वाया घालवणे आहे. मोजण्यासाठी लागणारे गणित दहावीच्या विज्ञानाइतकेच आहे. व्होल्टेजला करंटने भागले की रोध मिळतो आणि व्होल्टेजला करंटने गुणले की शक्ती मिळते. अडचण सूत्रांत नाही. कोणत्या दोन बिंदूंमधले व्होल्टेज घ्यायचे आणि ते कसे मोजायचे, येथे चूक होते, आणि म्हणून दोष सापडत नाही.

आधी अपेक्षित आकडे काढावेत

मोजमापापूर्वी गिझरच्या पट्टीवरील आकडे वाचून हिशोब मांडून ठेवावा, म्हणजे मीटर जे दाखवील त्याला अर्थ येतो. आत्याचा गिझर २३० व्होल्टला ३००० वॅटचा आहे. ३००० भागिले २३० म्हणजे सुमारे १३ अँपिअर करंट, आणि २३० भागिले १३.०४ म्हणजे कॉइलचा रोध सुमारे १७.६ ओहम. हा रोध जवळपास स्थिर राहतो, कारण गिझरच्या कॉइलमधील नायक्रोमचा रोध तापल्यावर काही टक्क्यांनीच वाढतो.

येथे बल्बचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण त्यावरून अनेकांचा ओहमच्या नियमावरचाच विश्वास उडतो. जुन्या पद्धतीच्या १०० वॅटच्या तारेच्या बल्बचा रोध २३० व्होल्टवर हिशोबाने ५२९ ओहम यायला हवा, पण बंद असलेला बल्ब हातात घेऊन मल्टिमीटरने मोजला तर सुमारे ४० ओहमच दिसतात. मीटरही बरोबर असतो आणि हिशोबही बरोबर असतो. टंगस्टनची तार पेटल्यावर इतकी तापते, की तिचा रोध दहापटीहून अधिक वाढतो. त्यामुळे चालू स्थितीतील रोध हवा असेल, तर तो चालू स्थितीतील व्होल्टेज आणि करंटवरूनच काढावा लागतो. सॉकेटच्या बाबतीत हीच गोष्ट वेगळ्या कारणाने खरी ठरते, ते पुढे येईलच.

रोध स्थिर असल्याने व्होल्टेज बदलले की गिझरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. पहाटे सगळ्या गल्लीतले गिझर एकदम सुरू होऊन घरात २०० व्होल्टच पोचत असतील, तर करंट ११.३ अँपिअरवर येतो आणि ३००० वॅटचा गिझर प्रत्यक्षात सुमारे २२७० वॅटचाच उरतो. पाणी उशिरा तापते एवढीच तक्रार असेल, तर आधी हा आकडा पाहावा. जळणाऱ्या सॉकेटमुळे पाणी उशिरा तापत नाही, हेही येथेच सांगून ठेवतो.

पहिला प्रयत्न का फसला

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सोबत साधा मल्टिमीटर होता. सॉकेट उघडून, लाइन बंद करून, ओहमच्या रेंजवर प्लगची पिन आणि सॉकेटच्या मागचा स्क्रू यांच्यामधला रोध मोजला. मीटरने ०.३ ओहम दाखवले. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लावल्या, तरी ०.३ ओहमच. म्हणजे तो रोध मीटरच्या स्वतःच्या वायरींचा होता आणि जोड निर्दोष दिसत होता. बहुतेक ठिकाणी तपास येथेच थांबतो. परंतु आपल्याला शोधायचा रोध ओहमच्या दहाव्या हिश्शाइतका असतो, साध्या मीटरचा शेवटचा आकडाही दहाव्या हिश्शाचाच असतो, आणि मीटर त्या जोडातून काही मिलिअँपिअरच पाठवतो. थंड जोडातून मिलिअँपिअर जाणे आणि तापलेल्या जोडातून बारा-तेरा अँपिअर जाणे यांत फार फरक आहे. थंड असताना धातूला धातू टेकलेला असतो, तर तापल्यावर पितळी पट्टी सैल पडते आणि काळा थर मधे येतो.

मग गिझर चालू करून व्होल्टेज मोजले. सॉकेटच्या मागे २२५ आणि गिझरच्या कनेक्टरवर २२६. वजाबाकी उणे एक. वीज पुढे जाता जाता वाढली, असा याचा अर्थ झाला असता, जो अशक्य आहे. दोन मोजमापांमध्ये अर्धे मिनिट गेले होते आणि तेवढ्यात शेजारचा कोणता तरी लोड बंद होऊन सगळ्या लाइनचे व्होल्टेज वर आले होते. शिवाय ७५० व्होल्टच्या रेंजवर तो मीटर एक व्होल्टपेक्षा बारीक काही दाखवत नव्हता. मीटरची अचूकता एक टक्का धरली, तरी २२५ व्होल्टवर सव्वादोन व्होल्ट इकडेतिकडे होतात, आणि मला हवा असलेला फरकच तेवढा होता. दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करून लहान आकडा काढू नये, हे प्रयोगशाळेत शिकवतात. घरच्या वायरिंगमध्ये ते आपण विसरतो.

योग्य पद्धत: जोडावरचे व्होल्टेज थेट मोजणे

दुसऱ्या दिवशी ऑटोरेंज मीटर (रेंज स्वतःच निवडणारा) आणि टाँग टेस्टर (वायरीभोवती जबडा लावून करंट मोजणारे यंत्र) घेऊन गेलो. या वेळी फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परतीची वायर) यांच्यामधले व्होल्टेज मोजायचे नव्हते. मीटरची एक क्लिप सॉकेटच्या मागे फेजच्या स्क्रूवर आणि दुसरी गिझरच्या आत फेजच्याच टोकावर लावायची होती. एकाच वायरीच्या दोन टोकांत जोड निर्दोष असेल, तर जवळपास शून्य व्होल्ट दिसायला हवे. जे काही दिसेल, ते त्या जोडाने आणि मधल्या कॉर्डने खाल्लेले व्होल्टेज. लाइनचे व्होल्टेज वर-खाली झाले, तरी या आकड्यावर फारसा परिणाम होत नाही.

ही दोन टोके मीटरच्या नेहमीच्या वायरींनी पोचत नव्हती, म्हणून एका बाजूला दोन मीटर इन्सुलेटेड वायर जोडली. व्होल्टमीटरमधून नगण्य करंट जातो, त्यामुळे या वायरीच्या जाडीचा मोजमापावर परिणाम होत नाही.

येथे सावधगिरीचे काही शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. क्लिपा एमसीबी बंद करूनच लावाव्यात, लाइन खरोखर बंद आहे याची टेस्टरने आणि मीटरनेही खात्री करावी, मग हात दूर घेऊन लाइन चालू करावी, आकडा वाचावा आणि पुन्हा लाइन बंद करूनच क्लिपा काढाव्यात. मीटरची लाल वायर चुकून १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि पिना फेज-न्यूट्रलला लागल्या, तर थेट शॉर्टसर्किट होते, म्हणून ते भोक प्रत्येक वेळी पाहावे. ऑटोरेंज नसेल, तर सर्वांत मोठ्या रेंजपासून सुरुवात करून खाली यावे, कारण खराब जोड मधेच पूर्ण तुटला तर मीटरवर एकदम २३० व्होल्ट येतात. उघड्या लाइनवर काम करण्याची सवय नसलेल्याने ही मोजणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी आणि त्याला काय मोजायचे ते सांगावे. सांगण्यात कमीपणा नाही.

करंट मोजताना टाँग टेस्टरच्या जबड्यात एकटी फेजची वायर घ्यावी. सबंध कॉर्ड घेतली तर फेज आणि न्यूट्रलचे करंट परस्परविरुद्ध असल्यामुळे शून्य दिसते, आणि गिझरची कॉइलच गेली आहे असा गैरसमज होतो. एमसीबीच्या बॉक्समध्ये वायरी सुट्या असतात, तेथे मोजणे सर्वांत सोपे. गिझरमधले गरम पाणी आधी सोडून द्यावे, नाहीतर मोजणी चालू असताना थर्मोस्टॅट लाइन तोडतो, करंट शून्य होतो आणि त्याबरोबर जोडावरचे व्होल्टेजही शून्य होऊन जोड निर्दोष असल्याचा भास होतो.

टाँग टेस्टर नसल्यास विजेच्या मीटरवरील लुकलुकणाऱ्या लाल दिव्याचा उपयोग करता येतो. मीटरवर एका युनिटला किती पल्स हे छापलेले असते. ३२०० पल्स असतील, तर एक पल्स म्हणजे ११२५ वॅट-सेकंद. घरातील बाकी सर्व लोड बंद करून फक्त गिझर चालू ठेवावा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून १०० पल्सना किती सेकंद लागतात ते सावकाश मोजावे. आत्याकडे ३९ सेकंद लागले. १,१२,५०० भागिले ३९ म्हणजे सुमारे २८८५ वॅट, आणि त्या वेळी बॉक्समध्ये २२८ व्होल्ट होते, म्हणजे करंट सुमारे १२.६५ अँपिअर. टाँग टेस्टर १२.६ दाखवत होता. हा हिशोब निव्वळ तापणाऱ्या उपकरणांनाच लागू पडतो. पंपाच्या किंवा फ्रिजच्या मोटरमध्ये पॉवर फॅक्टर (व्होल्टेज आणि करंट एका तालात नसल्याने येणारा गुणक) येतो, तेथे व्होल्टेज आणि करंट यांचा गुणाकार म्हणजे वॅट नव्हेत.

आकड्यांनी काय सांगितले

गिझर चालू केल्यावर फेजच्या बाजूचे व्होल्टेज १.९ व्होल्ट होते आणि दहा मिनिटांत ते हळूहळू २.५ व्होल्टवर गेले. करंट १२.६ अँपिअरच. न्यूट्रलच्या बाजूला ०.४ व्होल्ट होते आणि ते तेथेच स्थिर राहिले. यातले थोडे व्होल्टेज गिझरच्या कॉर्डचे असते. दीड मीटर लांब, १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध सुमारे ०.०२ ओहम, म्हणून १२.६ अँपिअरला तिच्यावर सुमारे ०.२५ व्होल्ट पडतात. ते वजा केल्यावर फेजच्या जोडावर २.२५ आणि न्यूट्रलच्या जोडावर ०.१५ व्होल्ट उरतात.

आता तेच साधे भागाकार. फेजचा जोड: २.२५ भागिले १२.६, म्हणजे ०.१८ ओहम. शक्ती: २.२५ गुणिले १२.६, म्हणजे सुमारे २८ वॅट. न्यूट्रलचा जोड: जेमतेम ०.०१२ ओहम आणि दोन वॅटहून कमी.

गिझरच्या तीन हजार वॅटपुढे २८ वॅट हा एक टक्काही नाही, म्हणून पाणी नीट तापत होते. तो किती धोकादायक आहे हे समजण्यासाठी दोन तुलना पुरतात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर असलेला सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटचा असतो आणि तो कथील वितळवतो. तसा एक आयर्न प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये खुपसून रोज अर्धा तास चालू ठेवावा, तशीच ही स्थिती होती. दुसरी तुलना घराच्या वायरिंगशीच आहे. बॉक्सपासून सॉकेटपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची वायर १२ मीटर गेली आहे, जाऊन-येऊन २४ मीटर, आणि तिचा रोध सुमारे ०.१९ ओहम होतो. १२.६ च्या वर्गाला ०.१९ ने गुणले, तर तेथेही ३० वॅट जातात. म्हणजे २४ मीटर वायर आणि बोटाच्या पेराएवढी पिन यांत जवळजवळ सारखीच उष्णता निर्माण होत होती. वायरीत ती मीटरमागे सव्वा वॅट अशी पसरते आणि हाताला जाणवतही नाही. पिनेत ती एकाच जागी साचते.

जॉर्ज ओम यांनी व्होल्टेज, करंट आणि रोध यांचा संबंध १८२७ मध्ये प्रसिद्ध केला आणि जेम्स ज्यूल यांनी १८४१ मध्ये दाखवले, की वाहकात निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. या वर्गातच आमच्या आत्याच्या एका प्रश्नाचे उत्तर होते. तिने विचारले होते, “अरे, याच सॉकेटवर मी उन्हाळाभर इस्त्री करते, तेव्हा कसं काही होत नाही?” १००० वॅटच्या इस्त्रीला सुमारे ४.३५ अँपिअर लागतात. तोच ०.१८ ओहमचा जोड इस्त्रीच्या वेळी साडेतीन वॅटही तापत नाही. करंट तिप्पट झाला की उष्णता नऊपट होते.

एमसीबी का पडत नाही, याचेही उत्तर येथेच मिळते. एमसीबी जास्त करंटला पडतो. खराब जोड सर्किटमध्ये रोध वाढवतो, म्हणजे करंट किंचित कमीच करतो. गळती नसल्यामुळे आरसीसीबीलाही (गळती ओळखून लाइन तोडणाऱ्या स्विचलाही) काही कळत नाही. या दोषावर घरातील कोणतेही नेहमीचे संरक्षक उपकरण लक्ष ठेवून नसते, आणि त्यामुळेच मला तो फार गंभीर वाटतो.

खरा दोष आणि दुरुस्ती

लाइन बंद करून प्लग उघडला. फेजच्या स्क्रूखाली वायरीच्या पाच-सहा तारा तेवढ्या दबलेल्या होत्या, उरलेल्या सोलताना तुटून बाजूला पडल्या होत्या. स्क्रू पाऊण फेरा फिरला इतका सैल होता. पिनेवर जांभळट काळा डाग आणि बारीक खड्डे पडलेले होते. तीनही वेळा सॉकेट बदलला गेला, पण प्लग पहिल्यापासून तोच राहिला. खड्डे पडलेली पिन नव्या सॉकेटच्या पट्टीला पूर्ण टेकत नाही, तेथे उष्णता होते, पट्टीचा ताण जातो, ती सैल पडते, रोध आणखी वाढतो आणि उष्णताही वाढते. जुन्या प्लगने प्रत्येक नवा सॉकेट असा जाळला होता.

म्हणून सॉकेट आणि प्लग दोन्ही एकाच वेळी बदलले. कॉर्डचे टोक दहा सेंटिमीटर कापून स्वच्छ, लालसर तांबे दिसेपर्यंत मागे आलो, सर्व तारा शाबूत ठेवून सोलल्या, त्यांना लग (धातूची टोपी) दाबून क्रिंप केला आणि स्क्रू घट्ट केले. सॉकेटच्या मागच्या वायरीही काळ्या पडलेल्या असतात, त्याही मागे कापाव्या लागतात. नुसता स्क्रू आवळल्याने काळ्या तांब्यावरचा थर जात नाही. तीन किलोवॅटच्या कायम बसवलेल्या गिझरला प्लगच नको, डीपी स्विचमधून (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणाऱ्या स्विचमधून) थेट जोड द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने दोन सरकते जोड कमी होतात. आत्याला उन्हाळ्यात तो सॉकेट इस्त्रीसाठी हवा होता, म्हणून तूर्त प्लग ठेवला.

दुरुस्तीनंतर तेच मोजमाप पुन्हा घेणे हा या कामाचा अर्धा भाग आहे, आणि तोच बहुधा राहून जातो. गिझर दहा मिनिटे चालवून फेजच्या बाजूला ०.३५ व्होल्ट आले. कॉर्डचे ०.२५ वजा जाता जोडावर ०.१० व्होल्ट. करंट आता १२.७ अँपिअर होता, म्हणून रोध ०.००८ ओहम आणि शक्ती सव्वा वॅटच्या आसपास. एवढ्या करंटला एका जोडावर ०.३ व्होल्टहून अधिक दिसले, किंवा आकडा स्थिर न राहता मिनिटामिनिटाला चढत गेला, तर मी तो जोड पुन्हा उघडतो. चढणारा आकडा मोठ्या आकड्याइतकाच वाईट असतो.

हीच मोजणी मग एमसीबीच्या स्क्रूंवर आणि गिझरच्या आतल्या कनेक्टरवरही केली, कारण तोच करंट तेथूनही जातो. एमसीबीच्या खालच्या स्क्रूवर ०.२ व्होल्ट होते, अर्धा फेरा आवळल्यावर ते ०.०३ वर आले. पुढच्या जानेवारीत सांगलीला गेलो तेव्हा सॉकेटची फेजची बाजू पुन्हा मोजली. ०.३८ व्होल्ट आले, दहा मिनिटांनंतरही ०.३८ च, आणि सॉकेटचा चेहरा पांढराशुभ्र होता.